नांगर: वसईच्या पट्टीतला एक दुकामी शब्द

अर्नाळ्याच्या बंदरावर ‘नांगर कुठाय?’ असं विचारलं तर हात समुद्राकडे जातो. तोच प्रश्न नाळ्याच्या किंवा गासच्या एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर विचारला, तर म्हातारा मागच्या पडवीकडे बोट दाखवेल आणि वर सांगेल, ‘आता नुसता टांगून ठेवलाय, बैल विकून झाली की कितीतरी वर्षं.’ दोन्ही ठिकाणं नालासोपारा स्टेशनापासून रिक्षानं गाठता येतील इतकी जवळ आहेत. एकाच तालुक्यात, एकाच पंचायतीच्या मतदारयादीत शोभतील अशी ही माणसं एकच शब्द दोन साफ वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात, आणि त्यावरून कधी कुणाची फसगत झाल्याचं ऐकिवात नाही. मराठीत अनेकार्थी शब्दांना तोटा नाही. पण समुद्रावरचा इतका मूलभूत शब्द शेतीतल्या तितक्याच मूलभूत शब्दाशी असा तंतोतंत जुळावा, याचं नवल बाहेरून मराठी शिकायला येणाऱ्याला आधी वाटतं. आपल्याला ते वाटायला कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

मोल्सवर्थच्या कोशात ‘नांगर’ या एकाच नोंदीखाली दोन्ही अर्थ आहेत आणि दोहोंची मुळंही वेगळी दिली आहेत. शेताचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला. हा शब्द ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या क्षेत्रपतीच्या सूक्तात आहे, म्हणजे पुरेसा जुना. आणि तोही मुळात आर्यभाषांचा नसून इथल्या आधीच्या शेतकऱ्यांच्या, मुंडा कुळातल्या भाषांतून उचललेला असावा, असं झां प्रझिलुस्की यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. प्राकृतात त्याचं ‘णंगल’ झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या व्याकरणात या ‘ल’च्या ‘ण’साठी खास सूत्रच घातलं आहे, त्यात लाङ्गलाच्या शेजारी लाङ्गूल, म्हणजे शेपूट, हाही शब्द बसवला आहे. मराठीला पुढे फार काही करावं लागलं नाही. लिंबू-निंबू आपण आजही अदलाबदल करून बोलतोच.

जहाजाचा नांगर आला फार्सी ‘लंगर’वरून. तो एकटा आलेला नाही. कोळीवाड्यात रोज बोलले जाणारे समुद्राचे शब्द मोजायला घेतले तर फार्सी-अरबी शब्दांची अख्खी पंगत उठते: बंदर, दर्या, तुफान, जहाज, खलाशी, सारंग. नाखवा हा मूळचा फार्सी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शतकानुशतकं एकच दर्यावर्दी बोली चालत होती आणि कोकणातल्या माणसानं तिच्यातून हवे ते शब्द घेतले. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश केला, तेव्हा मराठीत मुरलेल्या या शब्दांचा पसारा एकत्र दिसला. भाषाशुद्धीचा झेंडा पुढे त्यांनीही खांद्यावर घेतला. पण खलाशाला आणि बंदराला पर्याय काढणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं.

आता शेजारच्या भाषांकडे पाहिलं की मराठीनं काय केलं ते कळतं. हिंदीत जहाजाचा लंगर आणि शेताचा हल. बंगालीत जहाजाचा नोंगर आणि शेताचा लांगल: दोन्ही मुळं तीच, पण ‘न’ आणि ‘ल’ नेमके उलट बसले आणि शब्द वेगळे राहिले. कानडीत लंगरु आणि नेगिलु. तमिळमध्ये जहाजासाठी नंगूरम, शेतासाठी कलप्पै. मराठीत मात्र फार्सी लंगराचाही ‘ल’ ‘न’कडे झुकला, लाङ्गलाचा आधीच झुकलेला होता, आणि दोन वाटांनी आलेले दोघे एकाच दारात उभे राहिले. दोन्ही शब्द मुळात एकच असतील का, असा मोह हौशी भाषाशोधकाला होतोच. मी तो आवरता घेतो. इतकं मात्र वाटतं, की हा योगायोग मराठीनं टिकवून धरला, कारण तो टिकण्याजोगा होता. दोन्ही अर्थ एकमेकांच्या वाटेत येत असते, तर एव्हाना एकाला नवं नाव मिळालं असतं.

ते वाटेत येत नाहीत याचं एक अगदी साधं कारण पंचांगात आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या बोटी ओढून वर घेतलेल्या असतात, त्यांवर ताडपत्री चढलेली असते, आणि त्यांचे नांगर रेतीत नाहीतर कुणाच्या अंगणात गंजत पडलेले असतात. नेमके हेच दिवस भाताच्या चिखलणीचे. म्हणजे या पट्टीत एक नांगर जमिनीत उतरतो तेव्हा दुसरा पाण्याबाहेर असतो. नारळी पौर्णिमेला दर्याचा नांगर कामाला लागतो, तोवर शेतातला धुऊन वळचणीला गेलेला असतो. ‘नांगर काढा रे’ ही हाक जूनमध्ये दिली की नोव्हेंबरमध्ये, एवढ्यावर अर्थ ठरतो.

सोपाऱ्याच्या बाबतीत हा शब्द आणखी मागे न्यावा लागतो, कारण फार्सी लंगर इथे पोचण्याच्या कितीतरी आधी इथे जहाजं थांबत होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या दक्षिणेकडच्या बंदरांत सोपाऱ्याचं नाव आहे, टॉलेमीनंही ते घेतलं आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटाचा उंचवटा खणला, तेव्हा आतून स्तूप आणि धातूंचा करंडक निघाला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथेच सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. सम्राटानं आपली आज्ञा इथे कोरून लावली, ती इथे वाचणारी माणसं ये-जा करत होती म्हणून. ‘दिव्यावदाना’तला पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी: सहा सफरी सुखरूप करून आलेला, सातव्या सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकून पालटलेला. आणि १०९५ सालच्या खारेपाटणच्या ताम्रपटात शिलाहार अनंतदेवानं आपल्या प्रधानाला आणि त्याच्या भावाला जकात माफ केली, त्या बंदरांत ठाणे आणि चेऊलसोबत सोपारा आहे. ताम्रपटात बंदराला शब्द आहे ‘वेलाकूल’. तो शब्द गेला, बंदर राहिलं. नंतर बंदरही गाळानं बुजलं आणि तिथे आज सामेळपाडा, हनुमाननगर आणि त्यांच्या मधली गटारं आहेत.

त्या काळच्या जहाजांचे नांगर दगडाचे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी द्वारकेच्या समुद्रात असे ढिगानं शोधले आहेत, आपल्याकडे विजयदुर्गच्या पाण्यातही ते मिळाले. काही त्रिकोणी आणि तीन भोकांचे: वरच्या भोकातून दोर, खालच्या दोन भोकांतून टोकदार लाकडं. मध्ययुगातले ज्यांना अभ्यासक ‘इंडो-अरबी’ म्हणतात, ते उभट चौकोनी खांबासारखे. वर एक गोल भोक आणि खाली एकमेकांना काटकोनात दोन चौकोनी भोकं, चार बाजूंना चार लाकडी दात निघतील अशी. वजन दगडाचं, पकड लाकडाची. ही युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण शेतातल्या नांगरातही भार लाकडाचा आणि धार फाळाची, हीच वाटणी असते.

अर्नाळ्याच्या जेट्टीजवळ पडलेला एक नांगर मी मध्यंतरी निरखून पाहिला. मनगटाएवढ्या जाडीची लोखंडी कांब, खाली चार आकडे चार दिशांना वळलेले, दोन आकड्यांची टोकं झिजून बोथट झालेली आणि एकाला नायलॉनच्या जाळ्याचा निळा तुकडा गुरफटलेला. वरच्या कडीला दोर थेट बांधलेला नव्हता. मधे दोन-तीन हात साखळी होती. ही साखळी कशाला, हे विचारलं तर कोळी हसून सांगतो की तीच खरी नांगर धरते. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. नांगर वजनानं बोट रोखतो हा शहरी गैरसमज. नांगर धरतो तो आडव्या ओढीनं. साखळीच्या भारानं दोर तळाशी लोळत राहतो, ओढ जमिनीला समांतर लागते आणि आकडा चिखलात रुततो. दोर तोकडा सोडला की ओढ वरच्या दिशेनं होते आणि नांगर उचकटून येतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडायचा, आणि आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत उधाणाच्या दिवशी चार-पाच मीटरचा फरक पडतो, त्याचाही हिशेब आधीच धरायचा. चिखल असला तर चांगलं. खडक असला तर नांगर एकतर सरकतो, नाहीतर अडकून तिथेच राहतो.

आता शेतात या. इसाड, जू, रुमणं, फाळ. बैल आडवे ओढतात, फाळ तिरका उतरतो. नांगरणाऱ्यानं रुमण्यावर किती दाब द्यायचा, यावर तास खोल की उथळ ते ठरतं. म्हणजे दोन्हीकडे आडवी ओढ आणि जमिनीत घुसणारं टोक, हीच मांडणी. फरक एवढाच की शेतातला नांगर रुतून बसला तर शेतकरी बैलांवर खेकसतो आणि दर्यातला रुतला तर नाखवा निवांत बिडी पेटवतो.

हे साम्य मी ओढूनताणून आणतो आहे असं वाटलं, तर १९३३ सालचं एक पेटंट पाहावं. जी. आय. टेलर हे केंब्रिजचे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. द्रवांच्या प्रवाहांवरचं त्यांचं काम अजून शिकवलं जातं. त्यांना शिडाच्या होडीतून भटकायची हौस होती आणि जुने नांगर जड असूनही नीट धरत नाहीत याचा वैताग होता. त्यांनी नवा नांगर काढला, तो हुबेहूब शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, दोन्ही बाजूंनी माती उलथणारा. कमी वजनात तो कितीतरी घट्ट धरतो. जगभरच्या छोट्या बोटींवर ‘शेताच्या नांगराचा नांगर’ अशा अर्थाच्या जोडनावानंच तो ओळखला जातो. इंग्रजीत दोन शब्द आहेत, म्हणून तिथे जोडनाव करावं लागलं. अर्नाळ्याच्या माणसाला ते सांगितलं तर तो म्हणेल, मग यात नवीन काय?

लोखंडाच्या बाबतीत मात्र दर्या शेताच्या पुढे होता. समुद्रावर लोखंडी नांगर रुळून शतकं लोटली तरी देशावरचा शेतकरी लाकडी नांगरालाच धरून होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीपायी गिऱ्हाईक मिळेना. पहिले मोजके नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. पुढे त्याच नांगरावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

क्रियापदांकडे वळलं की या शब्दाची खरी शिस्त दिसते. दर्याचा नांगर टाकतात, सोडतात, उचलतात. शेताचा धरतात, हाकतात, जुंपतात, फिरवतात. ‘नांगर धरला’ हे एकच वाक्य दोन्हीकडे चालतं, पण कर्ता उलटतो: शेतात माणूस नांगर धरतो, दर्यात नांगर तळ धरतो. ‘नांगरणे’ हे क्रियापद तर सरळ दोघांत वाटून घेतलेलं आहे. शेत नांगरलं आणि होडी नांगरली. शेत नांगरल्यावर जमीन हलते, होडी नांगरल्यावर होडी थांबते. इतक्या विरुद्ध परिणामांचं एकच क्रियापद कोणत्या भाषेला परवडलं असतं, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर कर्मात आहे: होडी कुणी उलथीपालथी करत नाही आणि शेत कुठे वाहून जात नाही.

वाक्प्रचारांत शेताचं पारडं जड आहे, हे कबूल करायला हवं. ‘नांगर टाकून बसणे’ हा दर्याचा एक धडधाकट वाक्प्रचार. कुणाकडे जाऊन आठ-आठ दिवस न हलणाऱ्या पाहुण्याला, आणि आमच्याकडे विरार लोकलच्या दारात अंधेरीपासून ठाण मांडणाऱ्यालाही तो चपखल लागू पडतो. शेताच्या बाजूला मात्र इतिहास आहे. गाढवाचा नांगर फिरवणं म्हणजे गाव उठवणं, पुन्हा वस्ती होऊ नये असा शाप देणं. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुण्यावर तो फिरवला, आणि काही वर्षांनी जिजाबाईंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून तो शाप उतरवला, ही हकिकत शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या प्रसंगाचं शिल्प पुण्याच्या लाल महालात होतं. त्यातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हलवला, त्यावरून केवढं रण माजलं तेही अजून विस्मरणात गेलेलं नाही. नांगर कुणी धरला होता, हा प्रश्न चार शतकांनंतरही महापालिकेच्या सभागृहात पेटतो.

निवडणुकीतही नांगर येऊन गेला. १९७७ साली जनता पक्ष भारतीय लोक दलाच्या चिन्हावर लढला, ते चिन्ह चक्रातला नांगरधारी शेतकरी. त्याआधीही नांगर सत्तेच्या दफ्तरात होताच: जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, आजच्या मोखाडा-जव्हारकडे, जमिनीची बिघ्यांत मोजणी न करता नांगरामागे सारा घेत, त्याला नांगरबंदी म्हणत. ज्याच्याकडे नांगर तो शेतकरी, बाकीचे कुदळ-कोयत्यावरचे. आडनावांत नांगरे आहेत, लोणावळ्याला नांगरगाव आहे, आंबोलीला नांगरतास नावाचा धबधबा आहे. त्याची अरुंद घळ पाहिली की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

आणि नांगराला टाळण्याचाही एक सण आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं, म्हणजे नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नाही. भाद्रपदात त्या दिवसाआधी वसई-विरारच्या बाजारात अळू, सुरण, भेंडी, दोडका, परसात उगवलेली मक्याची कणसं यांचे वाटे मांडून ‘ऋषीची भाजी’ विकतात. आता तालुक्यात बैल औषधाला उरले नाहीत. ट्रॅक्टरनं नांगरलेल्या शेतातली भाजी चालते की नाही, यावर आमच्या इमारतीत एकमत नाही. रत्नागिरीकडे चिखलातल्या नांगरणी स्पर्धा आता गर्दी खेचतात. काम संपत आलं की त्याची शर्यत होते, हे बैलगाडीच्या बाबतीत आपण पाहिलंच आहे.

वसईच्या पट्टीत या शब्दाचं एक घर असं आहे जिथे दोन्ही अर्थ एकाच पुस्तकात नांदतात. ते म्हणजे मराठी बायबल. पोर्तुगीजांनी १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई राखली. त्यांच्या मागे राहिलेली कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती कुटुंबं आज देवळात मराठीतून मिस्सा ऐकतात. यातले कुपारी वाडीत केळी-पानवेल करणारे, कोळी दर्यावर जाणारे. लूकच्या शुभवर्तमानात नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचा दृष्टान्त येतो, तो पहिल्याला न समजावता कळतो: मागे पाहिलं की तास वाकडं जातं. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचं जहाज वादळात सापडतं आणि खलाशी रात्री वरामावरून, म्हणजे जहाजाच्या मागच्या बाजूनं, चार नांगर टाकून पहाटेची वाट पाहतात. तो प्रसंग दुसऱ्याच्या अंगावर येतो. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे. ख्रिस्ती थडग्यांवर नांगराची खूण जगभर दिसते ती याच आधारानं. यशयाच्या पुस्तकात तलवारी मोडून फाळ करायचे आहेत. इंग्रजी बायबल वाचणाऱ्याला यांतली शेतं आणि जहाजं वेगवेगळ्या शब्दांत भेटतात. गासच्या देवळात बसलेल्याला एकाच शब्दात भेटतात, आणि प्रवचन करणाऱ्या फादरांना या योगायोगाचा हवा तसा उपयोग करून घेता येतो. काही जण घेतातही.

‘लंगर’ हे मूळ रूप मराठीतून नाहीसं झालेलं नाही, ते आडवाटांनी फिरतं आहे. जाड साखळदंड या अर्थानं तो खंडोबाच्या उपासनेत टिकला: कित्येक ठाण्यांवर वाघ्या देवापुढची लोखंडी साखळी झटका देऊन तोडतो, त्याला लंगर तोडणं म्हणतात. जहाजाच्या लंगरातली साखळी एवढीच उरली, जहाज सुटलं. शिखांचा लंगर मराठी माणसाला नांदेडमुळे परका नाही. फार्सीत लंगर म्हणजे जहाजाचा नांगर आणि सूफींच्या खानकाहीतलं अन्नछत्रही. प्रवासी जिथे थांबतो तिथे जेवतो, असा त्यामागचा धागा सांगतात. पटण्यासारखा आहे. संक्रांतीला नालासोपाऱ्याच्या गच्च्यांवर पोरं दोऱ्याला खडा बांधून दुसऱ्याच्या मांजावर फेकतात आणि कटलेली पतंग खाली ओढतात, त्याला ती ‘लंगड’ म्हणतात. हिंदीत यालाच लंगर म्हणतात, तेव्हा हा लंगडही बहुधा त्याच घराण्यातला. फेकायचा, अडकवायचा, ओढायचा. पोरांना पाय लंगडा असल्याचा भास होत असेल, तर तो नंतरचा.

अलीकडे या घरात तिसरा पाहुणा आला आहे आणि तो मला फारसा पसंत नाही. ‘अँकर’ हा शब्द मराठीत इतक्या दारांनी शिरला की त्याचा नांगराशी संबंध आहे हेच कुणाच्या मनात येत नाही. भरतकाम करणाऱ्या आजीकडे अँकरचे दोरे, भिंतीवर अँकरची बटणं, सेंट्रिंगच्या कामावर अँकर बोल्ट, आणि रात्री नऊला टीव्हीवर दोन्ही हात फेकत ओरडणारा अँकर. यातल्या बोल्टचं काम नांगराचंच आहे: भिंतीत घुसून ओढ सोसणं. दोऱ्यांबद्दल आणि बटणांबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, ती नावं आहेत. पण कार्यक्रमाच्या माणसाला सूत्रसंचालक म्हणून चांगला शब्द असताना अँकर म्हणायची गरज कुणाला पडली? शिवाय वादळी चर्चेत जो सगळ्यात आधी भरकटतो, त्यालाच नांगर म्हणायचं, हा विनोद इंग्रजीला परवडो.

नौदलानं मात्र नांगर सोडलेला नाही. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली, त्या दिवशी नवा ध्वजही आला. त्यात शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनात नांगर आहे, त्यावर राष्ट्रचिन्ह आणि खाली वरुणाचं ब्रीद. मराठी वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी त्याचं वर्णन छापलं, तेव्हा ‘नांगर’ शब्दाला तळटीप द्यावी लागली नाही. देशावरच्या एखाद्या वाचकानं अष्टकोनात क्षणभर बैलजोडी शोधली असेल तर ती त्याची चूक नव्हे.

हा शब्द किती जड आहे, ते १७ मे २०२१ ला पालघर-मुंबईच्या किनाऱ्यानं अनुभवलं. तौक्ते वादळात समुद्रातल्या तेलक्षेत्रावर उभ्या असलेल्या ‘पी-३०५’ या बार्जचे नांगर तुटत गेले. या बार्जला स्वतःचं इंजीन नसतं. ती नांगरांच्याच जिवावर उभी असते. नांगर गेल्यावर ती वाहत जाऊन आदळली आणि संध्याकाळी बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. ती आणि ‘वरप्रदा’ ही टग मिळून सत्तरहून जास्त माणसं गेली. त्याच वादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ ही दुसरी बार्ज १३७ जणांसह भरकटत आली आणि आमच्याच जिल्ह्यात वडराईच्या किनाऱ्याजवळ रुतली. त्यातले सगळे हेलिकॉप्टरनं आणि बोटींनी वाचवले गेले. त्या आठवड्यात सातपाटी ते अर्नाळा कोळीवाड्यांत या बार्ज वेळेवर परत का बोलावल्या नाहीत, यावर जे बोललं गेलं ते छापण्याजोगं नव्हतं. कोळ्यानं दोन दिवस आधीच नांगर उचलला होता. वादळात नांगरावर भरवसा ठेवायचा नसतो, आधी खाडीत शिरायचं असतं, हे त्याला बापानं शिकवलेलं असतं.

डोल जाळ्यांचा मासेमार तसाही नांगराला पूर्ण शरण गेलेला नाही. वसई-अर्नाळ्याचे कोळी समुद्रतळात लांब खुंट ठोकून त्यांना जाळी बांधतात. त्या ठरलेल्या जागांना कव म्हणतात. वसई-उत्तनकडच्या कवी उत्तरेकडे सरकत गेल्या म्हणून सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांशी त्यांचा वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे. समुद्रात बांध नसतो, पण बांधावरून भांडणं असतात, आणि ती शेतकऱ्यांच्या भांडणांहून एक तसूही वेगळी नसतात.

मोठ्या जहाजाचा नांगर वीस-पंचवीस टनांपर्यंत जातो. तो धरला नाही आणि जहाज वाऱ्यानं सरकू लागलं, तर तो तळावरून फरफटत जातो आणि मागे खोल तास पडतं. जाळी, खुंट, जे वाटेत येईल ते उलथून निघतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात हल्ला झालेलं ‘रुबीमार’ हे जहाज बुडण्याआधी नांगर फरफटत वाहत राहिलं आणि त्यात समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल तुटल्या, असा निष्कर्ष निघाला. भारतात येणाऱ्या अशा केबलपैकी बऱ्याच आपल्या खालच्या अंगाला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. उथळ समुद्रात त्या तळावर मोकळ्या सोडत नाहीत. जहाजामागून एक भलंमोठं फाळाचं यंत्र तळावरून ओढत नेतात, ते मीटरभर खोल तास पाडतं, केबल त्यात घालतं आणि वर गाळ पडू देतं. म्हणजे जहाजाच्या नांगरापासून केबल वाचावी म्हणून समुद्राचा तळ नांगरून घेतात. हे वाक्य मी अर्नाळ्याला एका नाखव्याला आणि नाळ्याला एका वाडीवाल्याला सांगून पाहिलं. दोघांनाही ते एका ऐकण्यात समजलं. नाखव्यानं फक्त एवढंच विचारलं, की ते यंत्र जाईल तेव्हा कवीचे खुंट कोण काढणार आणि भरपाई कोण देणार.